टाचणीच्या चित्राखालचं भोक

मित्रांनो, मी एक जुनी टाकी आहे. पाण्याची नव्हे हं! मोटारसायकलवर सीटच्या पुढे ऐटीत बसणारी पेट्रोलची टाकी. कारखान्यात पत्र्याचे दोन तुकडे सांधून मला घडवलं आणि वर लालभडक रंग चढवला. दुकानाच्या काचेमागे उभी असताना माझा तोरा काही विचारू नका.

मला घरी आणलं ते एका शिंप्यानं. शिवलेले कपडे गिऱ्हाइकांच्या घरी पोचवायचे असत. मागे कपड्यांचं गाठोडं आणि पुढे माझ्यावर त्याची चिमुरडी लेक, अशी आमची स्वारी निघायची. एकदा त्या लेकीनं त्याच्या डबीतली टाचणी घेऊन माझ्या कुशीवर चित्र कोरलं. दोन चाकं, बाबा आणि ती. मला फार झोंबलं. आता हिची काही धडगत नाही, असं मला वाटलं. शिंप्यानं चष्मा वर सरकवला, निरखून पाहिलं आणि म्हणाला, "टाका सरळ आलाय हं!"

पुढे लेक मोठी झाली आणि नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली. शिंप्याचे गुडघे कुरकुरू लागले. शिवणखोलीबाहेर जिन्याखाली मी अर्धवट पेट्रोल पोटात घेऊन नुसती उभी राहिले. आत ओल धरली, गंज चढला आणि नेमकं त्या चित्राखालीच भोक पडलं. शिंप्यानं त्यावर साबण चोपडला. दोन दिवस बरे गेले, तिसऱ्या दिवशी पुन्हा टपटप सुरू.

मग एका गिऱ्हाइकानं नवा कोट परत आणून दिला. "शिवलाय झकास हो, पण अंगात घातला की पेट्रोल पंपावर उभं असल्यासारखं वाटतं."

शिंप्याची बायको खवळली. "रविवारपर्यंत हे थांबलं नाही, तर सोमवारी भंगारवाल्याला हाक मारते. एक ठिणगी पडली तर काय होईल? टाकीपेक्षा मला तुम्ही हवे आहात."

तिचं काही चुकत नव्हतं. माझ्या मात्र तोंडचं पाणी पळालं.

शनिवारी शिंप्यानं मला उघड्यावर नेऊन रिकामं केलं, साबणाच्या पाण्यानं धुतलं, उन्हात वाळवलं. दोन गोळे एकत्र मळून लावायची, पत्र्याची भोकं बुजवणारी लांबी आणली. ती बसायची तर आधी रंग खरवडून पत्रा उघडा करा, असं दुकानदारानं बजावलं होतं. पण चित्रावर सँडपेपर ठेवला की शिंप्याचा हात थांबे. शेवटी त्यानं भोकावर बोटभर लांबी चित्र सांभाळून रंगावरच बसवली. काम असं सुबक की पाहत राहावं! अन् सकाळी नख लावताच ती अख्खी सुटून हातात आली.

रविवारी लेक आली. कोराच राहिलेला सँडपेपर पाहून तिनं सगळं ओळखलं.

"बाबा, झिजलेल्या कडा कापल्याशिवाय तुम्ही कधी ठिगळ लावलंत का?"

"कापड वेगळं. हे तुझं आहे."

"माझंच ना? मग मीच पुसते."

शिंपी पाठ करून उभा राहिला. लेक घासत होती. आधी बाबा गेले, मग ती गेली, मग चाकं. चकचकीत पत्रा दिसू लागला तेव्हा तिनंही नाक ओढलं. मग दोघांनी मिळून लांबी मळली आणि अंगठ्यांनी दाबून बसवली.

"रात्रभर वाळायला हवी, आई."

"सोमवार काय, संध्याकाळपर्यंत असतो," आई म्हणाली.

सोमवारी माझ्यात पेट्रोल ओतलं, खाली वर्तमानपत्र पसरलं. तिघंही वाकून बघत होते. दुपार झाली. कागद कोरडा ठणठणीत! आईनं वाकून मला हुंगलं आणि तो कोट उन्हातून आत नेऊन इस्त्रीला घेतला.

लेकीनं डबीतली टाचणी काढली.

"या वेळी मलाही काढ," आई आतून म्हणाली.

"तू तर भंगारवाल्याला हाक मारायला निघाली होतीस," शिंपी म्हणाला.

"म्हणून काय पायी जाऊ?"

मित्रांनो, जुन्या गाडीत पेट्रोल साठवून तिला विसरू नका. गळती दिसली की साबणावर वेळ मारून नेऊ नका. आवडत्या वस्तूला बरं करताना खरवडावं लागलं, तर मन घट्ट करा. आता माझ्या कुशीवर तिघं बसली आहेत. या खेपेला टाचणी टोचली, तेव्हा मला जराही झोंबलं नाही.