धाकटीचा रिपोर्ट

एंटरच्या बटणावरचा बाण पार पुसत आलेला, आणि त्यावर तिचं बोट नुसतंच टेकलेलं – दाबलं की धाकटीच्या रिपोर्टला नवा पासवर्ड बसणार, आणि मग तो उघडणार नाही, निदान मेहुण्यांना तरी नाही... लॅबमधलं यंत्र एका लयीत घरघरत होतं, शेजारी कुणी नळ्यांना लेबलं चिकटवत होतं.

अशक्तपणा वाटतो म्हणून रक्त तपासायला जाते, असं घरी सांगून धाकटी सकाळी आली होती. सुई टोचताना कुजबुजली, "ताई, दिवस गेले असतील तर आधी मला कळू दे गं. एकच दिवस. त्यांना कळलं ना, की विषयच संपला." विषय म्हणजे नोकरी – इतकी वर्षं घरात काढल्यावर मिळालेली, सोमवारी सुरू होणारी. मेहुणे वाईट नाहीत हो, ओरडत नाहीत की हात उगारत नाहीत, नुसते तिच्या वतीने ठरवून टाकतात, गोड बोलून. दोघांचा ईमेलसुद्धा एकच. "आमच्यात लपवाछपवी नाही," असं चारचौघांत सांगतात, आणि तेव्हा धाकटी भलतीकडेच बघत असते.

आणि इथला पासवर्ड काय, तर पेशंटची जन्मतारीख! कुलूप लावायचं आणि किल्ली उंबऱ्यावर ठेवायची, त्यातली गत. रिपोर्ट थांबवावा तर डॉक्टरीणबाईंना कारण सांगायला हवं, आणि संध्याकाळी सगळे रिपोर्ट आपोआप ईमेलवर जातातच. धाकटीचा तर तिनेच टाइप केला होता. पॉझिटिव्ह. टाइप करताना मी बहीण होते की लॅबमधली बाई, देव जाणे... जन्मतारीख खोडून तिने आत्याचं नाव घातलं – खरं नव्हे, दोघींनी लहानपणी ठेवलेलं, 'तोफ'. आत्या जिना चढायला लागली की पलंगाखाली पळायच्या दोघी. उद्या एकटी आली की कानात सांगू, म्हणत तिने बटण दाबलं. हायसं वाटलं, खोटं कशाला बोला.

फोन वाजला तेव्हा ती पर्स घेऊन जिन्यात होती.

"ताई, तुमची फाईल उघडेना हो," मेहुणे. "जन्मतारीख दोनदा घातली. दरवेळी झटकन उघडते. स्पीकरवर ठेवलाय, हीपण इथेच आहे."

"सिस्टिमचा घोळ असेल." आवाज बरा निघाला. "उद्या तिला पाठवा, मी बघते."

"काही गंभीर नाही ना? तुम्ही पाहिला असेल की."

"नाही हो, मी कुठे सगळे बघत बसते!"

मग धाकटीचा आवाज, अगदी बारीक – "बरं ताई. येते उद्या."

फोन बंद झाला आणि ती पायरीवरच थांबली. त्या 'बरं'मध्ये सगळं होतं. काहीच निघालं नसतं तर मी पासवर्ड कशाला बदलला असता? रिकाम्या डब्याला कोण कुलूप लावतं? म्हणजे सांगितलं मी तिला... एकटीला नाही, कानात नाही, त्यांच्या देखत सांगितलं. आणि त्यांना? त्यांना कळलं असेल? आता धाकटी त्यांच्यासमोर उभी असेल, चेहरा कोरा ठेवायची धडपड करत – आणि ते तिला जमत नाही, कधीच जमलं नाही.