दादाच्या हातातली मॅच

आत्याचं तोंड तिच्या इस्त्रीपेक्षा गरम आहे, असं सगळी गल्ली म्हणायची, आणि गल्लीचं त्यात काही चुकत नव्हतं. ज्याला दिसत नाही आणि ऐकूही येत नाही, त्याला फुटबॉलच्या मॅचला कशाला न्यायचं, हा तिचा ठरलेला सवाल. दादा तिचा थोरला भाऊ. तरुणपणी आधी त्याचे कान गेले, मग डोळे. घरात बसून तो वेताच्या खुर्च्या विणायचा. बोलता यायचं त्याला, फक्त आवाज भलतीकडेच चढायचा-उतरायचा. त्याला काही सांगायचं, तर तळहातावर बोटाने एकेक अक्षर काढावं लागे. आत्या काढायची, पण कामापुरतं: जेव, ऊठ, चल. दिवसभर गिऱ्हाइकांशी तोंडाचा पट्टा चालवणारी बाई, पण भावाच्या हातावर तिला शब्द महाग होते.

मॅचला त्याला न्यायचा तो कोपऱ्यावरचा सलूनवाला. दादाच्या पोरीला सगळे मुंगी म्हणायचे, आणि ही मुंगी मुलींच्या संघाची गोलकीपर. तिचा एकही सामना दादाने चुकवला नव्हता. आत्याला हे सगळं खूळ वाटायचं. दोन बाप्ये मांडीवर पाट घेऊन खेळतात आणि लोकांना फुकटचा तमाशा होतो, असं तिचं म्हणणं.

फायनलच्या सकाळी सलूनवाला दारात आला तो हात प्लास्टरमध्ये घालूनच. आरसा टांगताना स्टुलावरून पडला होता.

"आत्या, आज तुम्ही बसायचं दादाजवळ."

"मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही."

"कळायचंय काय त्यात? बॉल जाईल तिकडे पाटावर त्याचा उजवा हात न्यायचा. डावा हात म्हणजे मुंगी. दोन हात लागतात हो, आणि माझा एकच उरलाय."

दादा दाढी करून, धुतलेला शर्ट घालून, पाट मांडीवर घेऊन कधीचा बसला होता. सुताराने जुना पाट तासून त्याचं मैदान केलं होतं, शिंप्याने कडेने दोरी चिकटवली होती आणि दोन्ही टोकांना तारेचे गोलपोस्ट होते. 'नाही' लिहायला म्हणून आत्याने भावाचा तळहात ओढून घेतला. पण ते अक्षर काही तिच्याच्याने काढवेना. "चल," तिने लिहिलं.

मैदानावर बाकावर टेकतात न टेकतात तोच एकेक जण येऊ लागला. सुताराने दादाच्या खांद्यावर दोन टिचक्या मारल्या. शिंप्याने त्याची कॉलर नीट केली. औषधांच्या दुकानातल्या बाईने त्याचा अंगठा दाबला. ही ज्याची त्याची ओळख होती, आणि दादा प्रत्येकाला बरोबर हाक मारून विचारपूस करत होता. आत्या बघतच राहिली. ही सगळी माणसं रोज तिच्याकडे कपडे टाकणारी, आणि यांची ही भाषा तिच्या गावीही नव्हती.

शिट्टी झाली. आत्या दादाची दोन्ही मनगटं धरून चाचपडत हात फिरवू लागली. बॉल कुठच्या कुठे, आणि हिचा हात अजून मधेच.

"एवढी हळू का?" दादा म्हणाला. "जशी बोलतेस तशी चालव की."

मागचा बाक खो खो हसला. आत्याने ओठ चावला आणि चालवायला लागली. कापडावर पळणारे हात तिचे, त्यांना पळणं काय शिकवायचं? आपल्या संघाने गोल केला तेव्हा दादाचं बोट तिनेच तारेच्या आत नेलं, आणि त्याचा चेहरा असा उजळला की ती खेळ विसरून त्याच्याकडेच बघत बसली.

"मुंगी पुढे आली ना?" बॉल पार पलीकडच्या टोकाला असताना त्याने मधेच विचारलं.

आत्याने मान वर केली. मुंगी खरंच गोल सोडून पुढे आली होती. हा बघतोय. इतकी वर्षं आपण समजलो काय, आणि हा इथे येऊन पोरीला डोळे भरून बघतोय.

सामना संपत आला आणि समोरच्या संघाला पेनल्टी मिळाली. गोल झाला तर बरोबरी, अडला तर कप आपला. आत्याने दादाचं उजवं बोट जागेवर टेकवलं, डावा हात तारेच्या गोलात ठेवला. समोरची मुलगी धावत आली. तिने मारला, आणि मुंगीने डावीकडे अंग झोकून देत बोटांच्या टोकांनी बॉल खांबाबाहेर काढला.

सगळं मैदान उठलं. आत्याही उठली, दोन्ही हात वर करून नाचली, शिंप्याच्या गळ्यात पडली. रेफ्रीची शेवटची शिट्टी झालेलीही तिला कळली नाही. मग तिची नजर खाली गेली.

दादा तसाच बसला होता. उजवं बोट पेनल्टीच्या जागेवर, डावा हात गोलात. बाक हादरत होता, तेव्हा काहीतरी झालं एवढं त्याला कळलं असणार. काय झालं ते सांगणारे हात मात्र सुटले होते.

"गेला का गं?" त्याने विचारलं.

आत्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सुतार त्याच्या पाठीवर थाप मारायला पुढे झाला, तशी सलूनवाल्याने त्याला धड हाताने अडवलं.

"थांबा. त्याची पेनल्टी अजून व्हायचीय."

एकाने दुसऱ्याला गप्प केलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. बघता बघता अख्खा बाक चिडीचूप झाला. तिकडे मैदानात मुंगीही जागच्या जागी थांबली, हातमोजे तोंडाशी धरून. मघाशीच संपलेल्या खेळासाठी माणसांनी पुन्हा श्वास रोखले.

आत्या खाली बसली. मनगटं धरली. तिने उजवं बोट मागे घेतलं आणि खांबाकडे जोरात नेलं. डावा हात नेणार, तोवर तो तिच्या आधीच झेपावला होता. बोटाला बोट आपटलं, आणि बॉलचं बोट दोरीच्या बाहेर गेलं.

दादा हसला, आपल्या त्या वेड्यावाकड्या, मोठ्या आवाजात. बाक दुसऱ्यांदा उठला, आणि या वेळचा आवाज पहिल्याहून मोठा होता.

मग कप आला. मुंगीने तो उचलला आणि मैदानभर टाळ्या वाजल्या. आत्याने तेवढ्या वाजवल्या नाहीत. तिचे हात दादाच्या तळहातावर कामात होते.