कोणीतरी दार लावा

मी एक जुनी लिफ्ट आहे. जाळीच्या सरकत्या दारांची, पितळी मुठीची, चढताना जरा कण्हणारी. सात मजल्यांच्या एका इमारतीत माझा सगळा जन्म गेला. मित्रांनो, ज्या शहरात मी राहते त्याचा एकही रस्ता मी पाहिलेला नाही. पण ते शहर रोज माझ्यात येऊन उभं राहतं, खांद्याला खांदा लावून आणि एकमेकांकडे न बघता. तेव्हा या शहरात राहावं की राहू नये, यावर दोन शब्द बोलायचा हक्क मला आहे असं मी समजते.

मी इथे तुकड्यातुकड्यांनी आले. जोडून उभी केली त्या दिवशी लोकांनी काम नसताना वरखाली फेऱ्या मारल्या. पहिल्या मजल्यावर राहणारेसुद्धा सातव्यापर्यंत जाऊन आले. माझ्या लाकडी भिंतीला आरसा होता, त्यात बघून मंडळी केस सारखे करत आणि कामाला जात. तेव्हा माझ्यात एक लिफ्टमन स्टुलावर बसायचा. कोण कुठल्या मजल्यावरचं, कोणाच्या घरी कोण आजारी, सगळं त्याला तोंडपाठ. दार उघडणं त्याचं काम आणि लावणंही त्याचंच. पुढे इमारतीच्या एका सभेत कोणीतरी विचारलं, बटण दाबायला माणूस कशाला हवा? लिफ्टमन गेला, स्टूल गेलं, यथावकाश आरसाही फुटला. बटणं सगळेच दाबू लागले. दार लावण्याचं काम मात्र कोणाच्याच वाट्याला आलं नाही.

इथे मला माझी एक अडचण सांगायला हवी. जाळीचं दार बोटभर जरी उघडं राहिलं, तरी मी जागची हलू शकत नाही. माणूस पडू नये, चिरडू नये म्हणून केलेली ही सोय. पण शहराच्या घाईला तिचा भलताच उपयोग सापडला. घरात काही राहिलं, धावत जाऊन आणायचं आहे? दाराला मुद्दाम फट ठेवा. मग लिफ्ट दुसरं कोणी पळवणार नाही. आमच्याकडे याला ‘फट ठेवणं’ म्हणतात आणि त्याची कोणाला लाज वाटत नाही. मग खालून, वरून ओरडा सुरू होतो, ‘अहो, कोणीतरी दार लावा!’ तो प्रत्येक घरात ऐकू जातो आणि प्रत्येक घराला वाटतं, हे काही आपल्याला नाही. कोणीतरी नावाचा माणूस आमच्या इमारतीत राहत नाही, हे एव्हाना लोकांना कळायला हवं होतं.

सहाव्या मजल्यावर एक सून राहते. ती दातांच्या कवळ्या बनवायच्या कारखान्यात काम करते. नवरा कामानिमित्त परगावी, फक्त रविवारी घरी. त्यांची आठ वर्षांची मुलगी दम्याची. दमा नसेल तेव्हा तिचं तोंड क्षणभर बंद नसतं, म्हणून आजोबा तिला ‘बडबडी’ म्हणतात. हे आजोबा, म्हणजे सुनेचे सासरे, आजी गेल्यानंतर लहान गावातलं घर बंद करून इथे आले. आल्या दिवसापासून त्यांचं आणि शहराचं जमेना. त्यांनी कपडे कपाटात लावलेच नाहीत. बॅग भरलेली, दाराशी.

सून आणि सासरे माझ्यात शिरले की वाद ठरलेला. भांडण नव्हे, दोघंही एकमेकांना जपून बोलत.

‘समोरच्या दारामागे कोण राहतं, तुला तरी माहीत आहे का?’ आजोबा विचारायचे.

‘नाही, बाबा. आणि मी किती वाजता आले, कोणाबरोबर आले, हे त्यांनाही माहीत नाही. मला ते बरं वाटतं. लग्नानंतर तुमच्या गावात मी एकटी बाजारात निघाले, तर मी पोचायच्या आत घरी चुगली पोचली होती.’

‘ती चुगली नव्हे गं, चौकशी.’

‘आणि पोरीचं काय? तुमच्याकडे डॉक्टर आठवड्यातून एकदा येतो, तोही बस मिळाली तर. इथे दोन गल्ल्या सोडून इस्पितळ आहे.’

‘पोरीची छाती बिघडवली कोणी? या इथल्या धुरानेच ना? आधी खोकला द्यायचा, मग शेजारी इस्पितळ बांधायचं. शहाणं आहे तुमचं शहर.’

मला दोघांचंही पटायचं, हीच पंचाईत. आजोबा गेले असते तर गावच्या रिकाम्या घरात त्यांना पाण्याचा पेला द्यायला माणूस नव्हतं. इकडे शाळेनंतर पोरीजवळ कोणी उरलं नसतं, म्हणजे सुनेची नोकरी सुटली असती. तरी आजोबांनी रविवारचा मुहूर्त धरला होता. मुलगा येईल, त्याच्याबरोबर निघायचं.

एक गोष्ट मात्र त्यांनी इथे येऊन केली होती. जिन्यात कोणी नाव सांगेना, तेव्हा त्यांनी आवाजावरून आणि सवयींवरून एकेकाला ओळखायला सुरुवात केली. कुलूप लावून तीनतीनदा ओढून बघणारे ते ‘कुलूपवाले’. दिवसभर शिवणयंत्र चालवणाऱ्या त्या ‘मशीनवाल्या बाई’. सून म्हणाली, ‘बाबा, लोकांना नावं ठेवू नका.’ ते म्हणाले, ‘कोणी सांगत नाही, मग ठेवावीच लागतात.’

आता शुक्रवारच्या दुपारकडे येते. ती आठवली की अजून माझे दोर ताठ होतात.

चौथ्या मजल्यावरच्या मशीनवाल्या बाईंनी शिवलेल्या पडद्यांचं गाठोडं माझ्यात आणून ठेवलं. दुसरं गाठोडं आणायला त्या घरात गेल्या. जाताना अर्थातच फट ठेवली. आत गेल्यावर त्यांना एका पडद्याची उसवलेली कड दिसली असावी, कारण मशीन सुरू झालं आणि सुरूच राहिलं.

तेवढ्यात सहाव्या मजल्यावरून बटण दाबलं गेलं. मी निघायला हवं होतं, निघू शकले नाही. पुन्हा बटण. मग कोणी ते दाबूनच धरलं. जीव घाबरा झाल्याशिवाय माणूस असं बटण धरत नाही. आणि मग वरून तो आवाज आला. बारीक शिट्टीसारखा, आत ओढलेला, मध्येच अडकणारा. बडबडीचा श्वास होता तो.

‘बडबडे, बोल काहीतरी,’ आजोबा म्हणत होते. ‘आज हवी तेवढी बडबड कर, मी रागावणार नाही.’

ती बोलली नाही. तिचं गप्प राहणं मला त्या शिट्टीपेक्षा भयंकर वाटलं.

श्वासाचा पंप त्यांनी दाबून पाहिला होता. तो संपला होता, नुसतीच फुसफुस येत होती. सुनेचा फोन वाजत राहिला. कारखान्यातल्या यंत्रांच्या आवाजात तिला तो कुठला ऐकू येणार. इस्पितळाची गाडी मागवली, तर पलीकडचा माणूस म्हणाला, गाडी निघाली आहे, पण चौकात अडकली आहे. इस्पितळ दोन गल्ल्यांवर आणि पोहोचायला मधे सहा मजले.

‘लिफ्टचं दार लावा! अहो, कोणीतरी दार लावा!’

चौथ्यावर मशीन चालूच होतं. दुसऱ्या मजल्यावर टीव्ही चालू होता. पाचव्यावरून एकाने मदत केली, म्हणजे त्याने घरात बसल्या बसल्या तेच वाक्य पुन्हा मोठ्याने म्हटलं. आजोबांनी पोरीला उचलून जिना धरला. त्यांचे गुडघे वर्षानुवर्षं दुखणारे. चारदोन पायऱ्या उतरले आणि कठडा धरून खाली बसले. शिट्टी आता तुटक येत होती. मी चौथ्या मजल्यावर धडधाकट उभी होते, दोर शाबूत, वीज चालू, आणि बोटभर फटीमुळे दगड झाले होते. इतकी असहाय मी कधीच नव्हते.

मग आजोबांनी हाक बदलली.

‘मशीनवाल्या बाई!’ जिन्याच्या पोकळीतून तो आवाज घुमत खाली आला. ‘दिवसभर मशीन चालवता त्या बाई! माझी नात गुदमरतेय! कुलूपवाले! तीनदा कुलूप ओढता ते तुम्ही, तुम्हालाच बोलावतोय! सहाव्या मजल्यावर या हो!’

मशीन थांबलं.

गळ्यात मापाची टेप, हातात कात्री, अशा त्या बाई धावत बाहेर आल्या. समोर मी, माझ्यात त्यांचं गाठोडं आणि दाराला त्यांचीच फट. मग आत शिरल्या, दोन्ही दारं धाडकन ओढली आणि सहाचं बटण दाबलं. माझा वेग वाढत नाही मित्रांनो, तो जेवढा आहे तेवढाच. त्या दिवशी तो मला पुरेना.

त्यांनी जिन्यातल्या आजोबांच्या हातातून पोरीला घेतलं, त्यांनाही माझ्यात आणलं आणि पोरीला पडद्यांच्या गाठोड्यावर टेकवून बसवलं. तिचे ओठ निळसर पडले होते. बाई तिची पाठ चोळत म्हणत होत्या, ‘हळू, बाळा, हळू. माझ्याकडे बघ.’ मी पाचवा ओलांडला, चौथा, तिसरा. दुसऱ्यावर जाळीतून कुलूपवाले दिसले. ‘मी पुढे होऊन रस्त्यावर एखादी गाडी थांबवतो,’ असं ओरडून ते जिन्याने उड्या मारत खाली गेले. त्यांच्यामागे त्यांच्या घराचं दार सताड उघडं होतं.

तळमजल्यावर सगळे धावत बाहेर पडले. माझं दारही त्यांनी उघडंच टाकलं आणि पहिल्यांदाच मला त्याचा राग आला नाही. मागे राहिलं ते पडद्यांचं गाठोडं आणि बडबडीची एक चप्पल. त्यापुढे काय झालं ते मला कळायला मार्ग नव्हता. लोक येत, चप्पल बघत, बाजूला सरकवत आणि आपल्या मजल्याचं बटण दाबत. मी वाहत राहिले, पण जीव त्या चपलेत होता.

दिवस कलल्यावर मशीनवाल्या बाई आणि कुलूपवाले परत आले. बाई रडत होत्या. मला वाटलं, संपलं.

‘फट मी ठेवली होती,’ बाई म्हणाल्या.

कुलूपवाले म्हणाले, ‘रोज कोणी ना कोणी ठेवतंच. मीही ठेवतो.’ मग म्हणाले, ‘आता रडू नका. पोरगी बोलायला लागली आहे. डॉक्टरांचं डोकं खातेय.’

बाईंनी ती चप्पल उचलून पदराने पुसली. मला रडता येत असतं तर मीही रडले असते.

दुसऱ्या दिवशी सून, आजोबा आणि बडबडी घरी आली. पोर आजोबांच्या बोटाला धरून इस्पितळातल्या मांजराची गोष्ट सांगत होती. सुनेचा चेहरा पार उतरला होता.

‘बाबा, तुमचंच खरं,’ ती म्हणाली. ‘आपण सगळेच गावी जाऊ. इथली हवा वाईट, आणि वेळेला कोणी धावून येत नाही.’

‘आले की,’ आजोबा म्हणाले.

‘तुम्ही एवढे ओरडलात तेव्हा आले.’

‘तिथे न ओरडता अख्खं गाव आलं असतं. अंगणात उभं राहून हळहळलं असतं. आणि डॉक्टर पुढच्या आठवड्यात आला असता.’ ते पुढे म्हणाले, ‘अगं, तुला सांगतो, इथली माणसं वाईट नाहीत. त्यांना कोणी हाकच मारत नाही.’

इस्पितळाचा मुद्दा सुनेचा होता, आणि तिलाच तो सासऱ्यांच्या तोंडून ऐकावा लागला. धूर मात्र अजून तसाच आहे.

रविवारी मुलगा आला. आजोबांना न्यायचं ठरलंच होतं, म्हणून त्याने दाराजवळची बॅग उचलली आणि माझ्यात येऊन उभा राहिला. मग त्याने ती हातात वरखाली केली.

‘बाबा, ही एवढी हलकी कशी?’

बाहेर उभे असलेले आजोबा म्हणाले, ‘रिकामी आहे. कपडे कपाटात लावले. ती माळ्यावर टाक, दाराशी पायात येते.’

सुनेने तोंड फिरवलं आणि डोळे पुसले. मुलगा बॅग घेऊन बाहेर आला, आणि माझं दार आजोबांनी स्वतः लावलं, खिटी बसल्याचा आवाज ऐकेपर्यंत.

मित्रांनो, आता माझे दिवस भरत आले आहेत. माझ्या जागी आपोआप बंद होणाऱ्या दारांची लिफ्ट येणार असं सभेत ठरलं आहे, आणि ते योग्यच आहे. कोणाचा श्वास कोणाच्या आठवणीवर टांगलेला नसावा. तोवर तुमच्या इमारतीत माझी एखादी बहीण असेल, तर तिचं दार नीट लावा आणि घाईत असाल तेव्हा तर आठवणीने लावा. ते तुमच्यासाठी नसतं, वरच्या मजल्यावरच्या तुम्हाला माहीत नसलेल्या माणसासाठी असतं.

आमच्याकडे हल्ली एक नवीन रीत पडली आहे. दार लावलं की खालून कोणी तरी वर हाक देतं, ‘लावलं हो, आजोबा!’ मग सहाव्या मजल्यावरून आधी बडबडी आणि मागून आजोबा ओरडतात, ‘ऐकलं!’ आपोआप बंद होणाऱ्या त्या नव्या लिफ्टला ही हाक कधी ऐकायला मिळणार नाही. तेवढंच एक मला वाईट वाटतं.