कोपऱ्यातला ठिपका

“खोडरबर हाताशी असू दे, बाई. पेन्सिलीनं लिहिलेलं लिहिलेलं नसतं.”

हेडक्लार्क जाऊन नऊ वर्षं झाली, तरी त्यांचा तो आवाज कारकूनबाईंच्या कानात पहिल्या दिवसासारखा ताजा होता. एकोणीस वर्षांपूर्वी, इस्पितळातल्या नोकरीच्या पहिल्याच दिवशी, हेडक्लार्कनी त्यांना रीत शिकवली होती. नोकरीसाठी अर्ज आला की नाव वाचायचं, फोटो बघायचा आणि माणूस ‘त्यांच्यातला’ निघाला तर उजव्या कोपऱ्यात बारीकसा ठिपका द्यायचा. अर्जात धर्माचा रकाना नव्हता. कायद्यानं तो ठेवता येत नव्हता. म्हणून ठिपका. ठिपक्याचे अर्ज साहेबांच्या टेबलावर गठ्ठ्याच्या तळाशी जात आणि पाणी न मिळालेल्या रोपासारखे तिथंच सुकत.

बाईंचा हात तेवढा जड. शाळेत होत्या तेव्हाही त्यांच्या वहीचं मागचं पान पुढच्या पानाइतकंच वाचता यायचं.

आज साहेबांनी बारा अर्ज त्यांच्यासमोर ठेवले. सगळ्यांत वर एका नर्सचा.

चार महिन्यांपूर्वी ती स्वतः अर्ज घेऊन आली होती. डोक्याला घट्ट रुमाल, चौदा वर्षांचा अनुभव, बोलायला मोकळी. “दिवे गेले तरी शीर सापडते मला, ताई,” ती हसत म्हणाली होती. “डोळे फसवतात, बोटं नाही फसवत.” बाईही हसल्या होत्या. ती जिना उतरून जायच्या आत ठिपका देऊन झाला होता.

जागा भरली, असं पत्र तिला गेलं. जाहिरात मात्र पुढं महिनाभर फाटकावर तशीच. ती परत आली आणि फाटकावरचा कागद मग कुणासाठी लावलाय, असं तिनं शांतपणे विचारलं. बाई म्हणाल्या, मला काय माहीत, वर विचारा.

तिनं वर विचारलं, तेही लेखी. उत्तर आलं नाही; उलट त्या जागी तिच्याहून कमी अनुभवाची मुलगी रुजू झाली. मग ती फुकट सल्ला देणाऱ्या वकीलबाईंकडे गेली. साहेबांच्या मनात काय होतं ते आपल्याला उघडून दाखवावं लागत नाही, वकीलबाई म्हणाल्या. कमी अनुभवाची बाई घेतली, जाहिरात तशीच राहिली, अर्जांची निवड कशी झाली, एवढं पुढं आणलं की उत्तर त्यांनी द्यायचं. फक्त सहा महिन्यांच्या आत तक्रार नोंदवायची. तिनं ती आठवड्यात नोंदवली. आणि तक्रार अधिकाऱ्यांचा हुकूम आला: त्या जागेचे सगळे अर्ज जसे आहेत तसे हजर करा.

“जरा साफसूफ करून घ्या, बाई,” साहेब म्हणाले. तोंडातून ठिपका हा शब्दसुद्धा काढला नाही.

बाई खोडत बसल्या. आधी राग आला तो नर्सचा. गावात दुसरं इस्पितळ नव्हतं का हिला? हुकूम आला तेव्हाच घरी नवऱ्यानं समजूत घातली होती की झाकली मूठ सव्वा लाखाची, आपलं काय जातंय. पाचव्या, शेवटच्या ठिपक्याशी बोटं थांबली. एकोणीस वर्षांत साहेबांनी स्वतःच्या हातानं एक ठिपका दिला नव्हता. पेन्सिल बाईंची, हात बाईंचा, पाप बाईंचं. आणि ते साहेब, धुतल्या तांदळासारखे. आता राग आला तो साहेबांचा. तरी त्यांनी पाचही ठिपके खोडले. खोडरबराचा काळा चुरा ओंजळीत गोळा केला. तो कुठं टाकावा तेच त्यांना सुचेना.

दोन दिवसांनी सुनावणी झाली ती खोली लहान होती. अधिकारीण टेबलामागं, नर्स एका बाजूला, साहेब दुसऱ्या बाजूला; बाई कागद सांभाळायला भिंतीशी. निवडलेल्या मुलीचा अनुभव दोनच वर्षांचा हे साहेबांनी कबूल केलं. पण ती आमच्या वातावरणात बसणारी होती, असं म्हणाले.

नर्सचा आवाज चढला नाही.

“चौदा वर्षं मी लोकांना सुया टोचल्या. तापानं फणफणलेल्या एकानंही विचारलं नाही, बाई, तुझा देव कोणता. तेव्हा बरं वातावरण बिघडत नाही तुमचं?”

साहेब घड्याळ बघू लागले. अधिकारिणीनं अर्ज नर्सकडे सरकवले. तिनं आपला अर्ज उचलला, नुसताच कुरवाळल्यासारखा. आणि उजव्या कोपऱ्यात तिचं बोट थबकलं. कागद उलटा करून तिनं मागून चाचपलं. दुसरा घेतला. तिसरा. डोळे मिटूनच म्हणाली, “इथं काहीतरी दाबलंय. याच्यावर नाही. याच्यावर आहे.” तिनं पाच अर्ज वेगळे काढले. पाचांवरची नावं वाचायची कुणाला गरज पडली नाही.

“स्टेपलरची खूण असेल,” साहेब म्हणाले.

बाईंना कुणी काही विचारलं नव्हतं. त्या भिंतीपासून पुढं झाल्या, पर्समधून खोडरबर काढून टेबलावर ठेवला.

“स्टेपलर नाही. पेन्सिल. माझा हात जड आहे,” त्या म्हणाल्या. “ठिपके मी दिलेत, एकोणीस वर्षं, त्यांच्या धर्माच्या प्रत्येक अर्जावर. साहेबांना ठाऊक होतं. परवा त्यांनीच खोडायला लावले. लिहून घ्या, मॅडम. पेनानं.”