नोव्हेंबरातली हजेरी

देशोदेशींच्या पेन्शनची तुलना करणं ही नोकरी असू शकते, हे सरकारी फॅक्टरीतून निवृत्त झालेल्या मुरलीधररावांना मुलीमुळेच कळलं. प्रणोती नेदरलँड्सहून सुट्टीला जबलपूरला आली, तरी जेवताना तिचं तेच सुरू. डेन्मार्कात लोकांचं आयुष्य वाढलं की निवृत्तीचं वयही वाढवतात, नेदरलँड्समध्ये जन्मभर घर सांभाळलेल्या बाईलाही पेन्शन मिळते.

"अच्छा! अन् दर नोव्हेंबरात जिवंत असल्याचा दाखला कुठं देतात तिथं?"

"द्यावाच लागत नाही, बाबा. माणूस गेला की सरकारला आपोआप कळतं. आता तुम्हालाही बँकेत जायची गरज नाही."

तिनं फोन त्यांच्या तोंडासमोर धरला, डोळे मिचकवायला लावले आणि दोन मिनिटांत दाखला गेलासुद्धा.

मुरलीधररावांनी हात धुतले, इस्त्रीचा शर्ट चढवला आणि स्कूटरची किल्ली उचलली.

"अब कहाँ चले, बाबा?"

"बँकेत. मी जिवंत आहो हे सरकारले कळलं, पोरी. पण तिकडे आमच्या फॅक्टरीतला तुळशीराम तिलवाऱ्याहून येऊन, दरसालासारखा लाईनीत माझी वाट पाहून राहिला असन. त्याले कोण सांगन?"