भिंगं कपाटात

संशोधन साहाय्य केंद्रात शिरलं की आधी गोंदाचा वास नाकात जातो. नवा गालिचा चिकटवलाय, त्याचा. भिंतीवर हसऱ्या विद्यार्थ्यांचे फोटो आहेत, पण त्यातला एकही आमच्याकडचा नाही. कुठून तरी विकत आणलेले दात. मधोमध काचेच्या पेटीत कॅमेरा लावलेला मायक्रोस्कोप. उद्घाटनाच्या फितीचं एक टोक अजून पेटीला लोंबतंय, आणि त्याच्यावर माशांनी घाण करून ठेवलीय.

या मायक्रोस्कोपला खालची भिंगं नाहीत. म्हणजे आहेत, पण केंद्रप्रमुखांच्या कपाटात, मऊ कापडात गुंडाळून. जिथे फीत तिथे हे हजर असतात, म्हणून आम्ही त्यांना फीतकापे म्हणतो. "मुलं ओरखडे पाडतात," असं त्यांचं म्हणणं. आजवर एकाही मुलाचा डोळा त्या भिंगाच्या वाऱ्याला गेलेला नाही, तरी ओरखडे पाडणारे आम्हीच.

मी गव्हाच्या मुळांत शिरणाऱ्या बुरशीवर पीएचडी करते. मुळाचा पातळ काप घ्यायचा, तो लाल रंगात बुडवायचा, काचपट्टीवर ठेवायचा आणि वाळायच्या आत फोटो काढायचा. महिनाअखेर फोटोंसह प्रबंधाचं प्रकरण गेलं नाही तर शिष्यवृत्ती बंद. आमच्या विभागात एक जुना मायक्रोस्कोप होता. चालायचा बिचारा. "आता केंद्र आहे ना," म्हणून तो भंगारात दिला. वर नियम काढला, फोटोवर केंद्राचाच शिक्का हवा.

मी फीतकाप्यांकडे गेले.

"सर, दोन तास भिंगं लावून द्या. तुमच्यासमोर बसून फोटो काढते."

"कार्यशाळेला होतीस का?"

"कुठल्या?"

"‘उपलब्ध साधनांचा पुरेपूर वापर’."

होते. पहिल्या रांगेत होते. त्याआधी ‘वेळेचं नियोजन’ होती, तिचा वक्ता जेवणाच्या सुट्टीत उगवला. त्यानंतर ‘स्वतःला कसं मांडावं’, त्यात तासभर हस्तांदोलन शिकवलं. करिअर घडवायचं म्हणून आम्ही मोठाली माणसं एकमेकांचे घामट हात हलवत बसलो.

"होते सर."

"मग असं कर. परवा तपासणी समिती येतेय. पांढरा कोट घालून तूच बस मायक्रोस्कोपवर. समिती गेली की बघू."

"मग परवा भिंगं लावणार ना?"

"कशाला? गर्दीत कुणाचा धक्का लागला तर? आणि ते काय अभ्यासाला येतात? बघायला येतात."

संध्याकाळी मावशीला फोन केला. तिची रक्त-लघवी तपासायची लॅब आहे, बसस्टँडच्या मागे.

"अगं मग माझ्याकडे ये की," ती म्हणाली. "लघवीतले जंतू दिसतात त्यात तुझी मुळं नाही दिसणार?"

"केंद्राचा शिक्का लागतो मावशी."

"शिक्का मारला की जंतू मोठे दिसतात का गं?"

मी हसले नाही. मला शिक्का हवा होता. म्हणून तिसऱ्या दिवशी, पेटीबाहेर काढलेल्या मायक्रोस्कोपवर मी कोट घालून बसले.

समितीचे प्रमुख जेवून आले होते. भरलं पोट, मिटत चाललेले डोळे, दातात काडी. मागे फीतकापे, त्यांच्यामागे आमच्या मॅडम, म्हणजे माझ्या गाइड. मॅडम वाईट नाहीत. माझे काप किती पातळ असतात हे त्यांनी चारचौघांत सांगितलंय. फोटोवालाही होता.

"ही आमची लाभार्थी," फीतकापे म्हणाले. मी जणू बकरीवाटपाच्या रांगेतली.

"वा वा. काय बघताय बेटा?"

"मुळातली बुरशी, सर."

आणि गृहस्थ वाकले. मी काही म्हटलं नव्हतं, फीतकाप्यांनीही नाही. स्वतःहून वाकले, डोळा लावला, चाक थोडं फिरवलंसुद्धा. भिंग नसलेल्या मायक्रोस्कोपमधून काय दिसतं? दिव्याचा उजेड. आमच्या दिव्यावर निळी काच आहे, म्हणून निळसर उजेड. बाकी काही नाही.

"अहाहा!" ते म्हणाले. "निळ्या पेशी काय स्पष्ट दिसताहेत! एकेक मोजून घ्यावी."

गोंदाचा वास आणि त्यांच्या तोंडाचा मसाल्याचा वास एकत्र झाला.

"सर, माझा रंग लाल आहे," मी म्हटलं.

"हं?"

"काप लाल आहेत. आणि याला भिंगंच नाहीत." मी खालची चकती फिरवून दाखवली. चार भोकं, चारही मोकळी. "भिंगं सरांच्या कपाटात आहेत."

फीतकाप्यांचा चेहरा उतरला असेल असं तुम्हाला वाटेल. नाही उतरला. त्यांनी प्रमुखांकडे पाहिलं. आणि प्रमुख! वाटलं, आता तरी हा माणूस वरमेल. तो ताठ झाला.

"मला दिसलं," तो म्हणाला. "मी काय खोटं बोलतोय?"

"सर, दिसणं शक्यच—"

"तुमच्या गाइड कुठायत? मॅडम, या. बघा बरं."

मॅडम पुढे आल्या. वाकल्या. बराच वेळ वाकून राहिल्या. मला त्यांच्या मानेवरची विस्कटलेली बट दिसत होती. म्हटलं, उठा आणि बोला. एकदाच बोला.

"हो," त्या म्हणाल्या. "दिसतंय."

फोटोवाला मघापासून खटके दाबतच होता.

"पोरगी धीट आहे," जाता जाता प्रमुख म्हणाले. "विद्यार्थी मोकळेपणाने बोलतात, हे अहवालात लिहा. त्याचे वेगळे गुण असतात."

समिती गेली, पण कपाट काही उघडलं नाही. "आता कसली भिंगं?" फीतकापे म्हणाले. "तुला तर नसलेलीसुद्धा दिसतात." स्वतःच्या विनोदावर खोखो हसले.

मी ताज्या कापांच्या काचपट्ट्या डब्यात घातल्या आणि मावशीकडे गेले. ती टेबल पुसत होती. लघवीच्या बाटल्या एका बाजूला सारून तिने मला जागा करून दिली. मायक्रोस्कोप साधाच, कडेला गंजलेला. डोळ्याच्या नळीवर मोबाइल धरून फोटो काढले. मुळात बुरशी शिरताना अशी लालभडक दिसली की मावशी कामं टाकून मागे उभी राहिली. "कसली निर्लज्जासारखी घुसलीय बघ," ती म्हणाली.

प्रकरणात फोटोंखाली लिहिलं: खासगी रक्त-लघवी तपासणी लॅब. विद्यापीठाच्या मायक्रोस्कोपला भिंगे नव्हती.

मॅडमनी वाचलं. "दुसरं वाक्य काढ. आणि लॅबच्या जागी केंद्र लिही. शिक्का मी आणून देते."

"मॅडम, परवा तुम्हाला काय दिसलं होतं?"

त्यांनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. "माझी बढती अडकलीय गं," एवढंच म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता घाईघाईने सही केली आणि वही झटकावी तसं प्रकरण माझ्याकडे सरकवलं.

ते विद्यापीठाच्या कार्यालयातून परत आलं. शेरा होता, ‘स्थळ दुरुस्त करावे.’ मी दुरुस्त केलं नाही, तसंच पुन्हा पाठवलं. पुन्हा आलं, पुन्हा पाठवलं. तोवर महिना संपला आणि शिष्यवृत्ती बंद झाली. केंद्राच्या नव्या पत्रकावर मात्र मी आहे. कोट घातलेला, बोट चकतीवर, तोंड उघडं. ‘भिंगंच नाहीत’ म्हणतानाचा फोटो तो. खाली छापलंय: प्रगत उपकरण हाताळताना आनंदित विद्यार्थिनी.

हल्ली सकाळची मावशीच्या लॅबवर बसते. बाटल्यांवर नावं चिकटवते, नमुने बघते, दिसेल ते लिहिते. वास येतो, पण त्या केंद्राइतका नाही. दुपारी बाटल्या बाजूला सारून तेच प्रकरण पुन्हा पाकिटात घालते.