चिऊने गाळलेलं वाक्य

चिऊ हे काही तिचं खरं नाव नव्हतं. प्रयोगशाळेत तिला सगळे मॅडम म्हणत आणि दारावर पदव्यांसकट पाटी होती. पण हाताला धरून तिला शाळेत नेणाऱ्या ताईच्या लेखी ती चिऊच होती, आणि चाळिशी उलटली तरी चिऊच राहिली.

ताई एका नाटक कंपनीचे कपडे शिवायची. राजाचा अंगरखा, शिपायाचा डगला, भुताचा झगा, सगळं तिच्या हाताखालून जायचं. मशीन होतं, पण काठ आणि काजं ती हातानेच करायची. "मशीनला फार घाई असते," म्हणायची. आईवडील लवकर गेले, तेव्हा याच सुईवर तिने चिऊला शिकवलं. लग्नाचं कुणी काढलं तर म्हणे, "मापात बसेल असा एकही सापडला नाही."

चिऊ पिकांसाठी जस्तावर काम करत होती. जस्ताचं खत मातीत टाकलं तर त्यातलं थोडंच झाडाच्या पोटात जातं, उरलेलं वाया. म्हणून तिने जस्ताचे नॅनो कण तयार केले होते. इतके बारीक, की एका केसाच्या जाडीत हजारो शेजारी शेजारी बसावेत. ते पाण्यात मिसळून पानांवर फवारायचे. काचघरातल्या कुंड्यांमधली झाडं नुसती तरारली, आणि खत लागलं चिमूटभर. आता मोठ्या शेतांवर चाचणी घ्यायची होती. शेतकऱ्यांची बैठकही ठरली होती.

त्याच सुमारास ताईचा आजार उलटला. बीजांडकोशाचा कर्करोग एकदा बरा होऊन गेला होता, तो परत आला. डॉक्टरीणबाईंनी एक औषध सुचवलं. चरबीच्या अतिसूक्ष्म बुडबुड्यांत भरलेलं, रक्तातून फिरत गाठीपाशी जास्त साचणारं. हृदयाला त्याचा त्रास कमी. डॉक्टरीणबाई शांतपणे सगळं सांगत होत्या, पण त्या खोलीत शिरलं की ताईचे कान मिटायचे. ती नुसती मान डोलवत चिऊच्या तोंडाकडे बघत बसली.

घरी आल्यावर तिने चप्पलसुद्धा काढली नाही. "हं, काय म्हणाल्या त्या? तू सांग मला."

चिऊने सांगितलं. बुडबुडे कसे असतात, औषध आत कसं बसतं, केस बहुतेक जाणार नाहीत. ताईला हे ऐकून बरं वाटलं. "म्हणजे तुझ्याच खात्यातलं औषध की! मग ओळखीने काम होईल."

एक वाक्य तेवढं चिऊने गाळलं. हे बुडबुडे तळहात आणि तळपायांच्या कातडीतही झिरपतात. काही जणांचे हात लाल होतात, आग होते, सालं निघतात. चिऊला वाटलं, हे ऐकलं तर ही बाई औषधच घ्यायची नाही. काही जणांनाच होतं ना? मग कशाला उगाच घाबरवायचं?

पहिली सलाईन निभावली. दुसरीनंतर ताईचे तळहात उकडलेल्या बिटासारखे झाले. आधी तिला वाटलं, नव्या कापडाचा रंग लागला. मग सुई धरवेना. मग चहाचा कपही धरवेना. नाटकातल्या राणीचा झगा तिच्या टेबलावर अर्धा शिवलेला पडला होता. तो कंपनीने दुसऱ्या शिवणाऱ्या बाईकडे नेला. ताईने स्वतः घडी घालून दिला, हातांना मऊ फडकी गुंडाळून.

त्याच आठवड्यात चिऊच्या काचघरात मातीवाला आला. तो तिचा सहकारी. मातीतले जीव तपासायचा, म्हणून सगळे त्याला मातीवालाच म्हणत. हातातली ओली माती झटकत म्हणाला, "तुमच्या कुंड्यांतली गांडुळं जिवंत आहेत. पण अंडी घालत नाहीत. म्हणजे घालतात, पण फारच कमी. फवारा पानांवरून ओघळून खाली साचतोय."

"एकाच खेपेचं निरीक्षण आहे," चिऊ म्हणाली.

"एकाच खेपेचं. पण आहे."

दोघं विभागप्रमुखांकडे गेले. ते वाईट माणूस नव्हते. या चाचणीसाठी त्यांनी वर्षानुवर्षं उंबरे झिजवले होते. त्यांनी चष्मा पुसला, परत लावला. "पुन्हा तपासाच. पण बैठकीत आत्ता नको. अर्धवट माहितीने लोकांना उगाच कशाला घाबरवायचं?"

चिऊने मान हलवली. तिला ते पटलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती ताईला घेऊन दवाखान्यात गेली. परिचारिकेने ताईच्या हातांवरची फडकी हलकेच सोडली. "अगं बाई! आग व्हायला लागली तेव्हाच का नाही कळवलंत? पहिल्याच दिवशी सांगितलं होतं ना, हातांकडे लक्ष ठेवा म्हणून?"

ताईने चिऊकडे पाहिलं. चिऊने खिडकीकडे.

बसमध्ये दोघी शेजारी बसल्या. ताई म्हणाली, "तुला माहीत होतं."

"ताई, मला वाटलं तू नाही म्हणशील."

"म्हटलं असतं, नसतं. हात कुणाचे?"

"मी तुझ्या भल्यासाठीच..."

"भल्याचं राहू दे गं. मी औषध घेतलंच असतं. मला काय मरायची हौस आहे? पण चार दिवस थांबून आधी झगा पुरा केला असता. पहिल्या चटक्यालाच दवाखान्यात फोन केला असता. मी ती आग नव्या कापडावर ढकलत बसले, चिऊ. वेड्यासारखी साबण बदलत बसले." तिचा आवाज चिरकला. "तुला लहानपणी इंजेक्शनला न्यायचे, तेव्हा दुखणार नाही असं कधी सांगितलं होतं का मी?"

चिऊला रडू आलं. ताईने तिला जवळ घेतलं नाही. घेता आलंही नसतं, हात मांडीवर उताणे ठेवले होते.

बैठकीला शाळेच्या सभागृहात बरीच माणसं आली होती. चिऊने आधी कुंड्यांचे फोटो दाखवले. लोकांचे चेहरे खुलले. विभागप्रमुख समाधानाने मागे रेलले. मग ती थांबली आणि म्हणाली, "आता एक गोष्ट, जी मला अजून पुरती कळलेली नाही." आणि तिने गांडुळांचं सांगितलं.

सभागृहात कुजबुज उठली. एक म्हातारी भाजीवाली, जिची स्वतःची जमीन होती, तिने विचारलं, "मेली का गांडुळं?"

"नाही. पण पिल्लं कमी होतायत."

"म्हणजे आज माती चांगली, आणि नातवाच्या वेळी बोंब."

"तसं होईलच असं नाही. होणार नाही असंही मी आज सांगू शकत नाही."

काही जण उठून गेले. एकाने जाता जाता टोमणा मारला, "आधी ठरवा, मग बोलवा." विभागप्रमुखांचा चेहरा पडला. पण फळबाग असलेला एक गृहस्थ बसून राहिला. म्हणाला, "माझा एक कोपरा घ्या. आधी माती तपासा, मग फवारा, मग परत तपासा. बिघडतंय असं दिसलं की थांबायचं. कबूल?"

"कबूल," चिऊ म्हणाली. म्हातारीही राहिली. ती जमीन देणार नव्हती, पण बघायला येणार होती.

परतताना विभागप्रमुख गाडीत घुश्शात होते. अर्ध्या वाटेवर म्हणाले, "मला आधी सांगायला हवं होतंस."

"हो," चिऊ म्हणाली. "ते चुकलंच."

मोठी चाचणी लांबली. चिऊ आणि मातीवाला मिळून कणांवर वेगळं वेष्टण चढवायला लागले, म्हणजे ते पानांना चिकटून राहतील आणि खाली कमी ओघळतील. जमेल की नाही, कुणालाच माहीत नव्हतं.

आणि ताई? पुढच्या तपासणीला ती आत एकटी गेली. चिऊ बाहेर बाकावर. ताईने इतके प्रश्न विचारले की रांगेतली माणसं घड्याळं बघायला लागली. बाहेर आली ती तणतणत, पण डोळे ओले.

"गाठ लहान झालीय," ती म्हणाली. "औषध कमी मात्रेत देणार, जास्त दिवसांच्या अंतराने. हात बरे होतील, पण पूर्वीसारखी नाजूक शिवण जमेल याची खात्री नाही. आणि जुलाब झाले तर फोन करायचा. आणि तोंड आलं तर. अजून सांगू?"

"सांग की."

"भूक लागलीय. आधी काहीतरी खाऊ."

समोरच्या हॉटेलात ताईने सूप मागवलं. चमचा तिने मुठीत धरला, लहान मुलं धरतात तसा. चिऊने मदतीला हात पुढे केला. ताईने आधी नको म्हटलं. मग दोन घोट सांडल्यावर म्हणाली, "बरं, भरव. पण फुंकर मारून. गरम आहे."